काकू, बोट म्हणजे एसटी नव्हे

आमच्या आळीत यंदा क्रूझची साथ आली आहे. आधी चारधाम झालं, मग दुबई, मग थायलंड (तिथे काय पाहिलं ते पुरुषमंडळी नीट सांगत नाहीत), आणि आता लक्षद्वीप. मुंबईत भल्या मोठ्या बोटीत चढायचं, तीन-चार रात्री समुद्रावर काढायच्या, मध्ये एक दिवस बेटावर उतरून निळ्या पाण्यात फोटो काढायचे आणि परत. जन्मात मांडवीच्या जेटीच्या टोकापलीकडे न गेलेली, मिरकरवाड्यात मासळी घ्यायला जाताना नाकाला रुमाल लावणारी माणसं पैसे भरून समुद्र बघायला निघाली आहेत. जाऊ देत बापडी. पण जात आहेत पहिल्यांदाच, आणि ट्रॅव्हल कंपनीचा पोरगा प्रत्येक प्रश्नाला "नो टेन्शन काका" एवढंच उत्तर देतो. म्हणून टेन्शनचा भाग मी सांगतो.

सुरुवात भूगोलापासून. लक्षद्वीप रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे आणि बोट सुटते मुंबईहून. म्हणजे आधी तुम्ही सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला जायचं, तिथे बोटीत बसायचं, आणि मग ती बोट रात्री कधीतरी तुमच्याच गावासमोरून, लांबच्या समुद्रातून, दक्षिणेला जाणार. डेकवर जागे असाल आणि रत्नदुर्गाचं दीपगृह दिसलंच तर हात करा. परवा ज्या घराला कुलूप लावून निघालात ते तिकडेच आहे.

मुंबई गाठायची ती रेल्वेने, आणि आदल्या दिवशी. महामार्गाच्या भरवशावर बोट पकडायला निघू नका. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत नाव घातलेली पोरं आता मतदान करतात आणि रस्त्याचं काम अजून चालूच आहे. माणगावच्या कोंडीत अडकल्याचं कारण बोटीच्या कप्तानाला सांगून उपयोग नाही. तो माणगावचा नसतो.

तुमच्या आजोबांना हा वळसा नव्हता. ते भगवती बंदरावरून निघायचे. बोट आत यायची नाही, नांगर टाकून बाहेर उभी राहायची. पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि रडणारी पोरं तिच्यापर्यंत न्यायची आणि लाट वर आली की एकेकाला दंडाला धरून वर ओढायचं. मग डेकवर वळकटी पसरायची. शेजारी कोणाला तरी बोट लागलेली, वाऱ्याची दिशा त्याची नि तुमची एकच. मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत बोट पणजीला जायची, आणि पावसाळ्यात बंद. मोगल लाइनच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' अजून साठीच्या माणसांना आठवतात. त्यांना आता नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही कधी क्रूझ केलीय?" आजोबा प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात.

मध्ये २०१८ साली 'आंग्रिया' आली. मुंबई ते गोवा, दुपारी निघून सकाळी पोहोचणारी, वर पोहायचा तलाव. ही बोट मूळची जपानी. तिथे तिचं नाव 'ओगासावारा मारू', आणि टोकियोहून एक दिवस नि एक रात्र लांब असलेल्या ओगासावारा बेटांवर माणसं, भाजीपाला आणि टपाल नेणं हे तिचं काम. त्या बेटांवर विमानतळ नाही, त्यामुळे तिकडे बोट ही चैन नसून एसटी. ती म्हातारी झाली, आपण विकत घेतली, कान्होजींचं नाव दिलं आणि तिला चैन केलं. जपानात ती लोकांना गावी सोडत होती. आपल्याकडे सगळी गावं अंधारात मागे टाकून थेट गोव्याला जात होती. दिघी, दाभोळ, रत्नागिरी, मालवणला थांबेल अशा बातम्या आधी आल्या होत्या. बातम्या थांबल्या, बोट थांबली नाही. पुढे तीही बंद पडली.

आता तुम्ही बहुधा ज्या बोटीने जाल ती 'एम्प्रेस'. १९९० सालची, कोकण रेल्वेपेक्षा आठ वर्षांनी थोरली. अकरा मजले, दीड-पावणेदोन हजार माणसं. तिचं वय ऐकून घाबरू नका. जहाजाची तपासणी आपल्या घाटातल्या पुलांपेक्षा वेळेवर होते.

खोलीचं म्हणाल तर सगळ्यात स्वस्त खोली बिनखिडकीची असते. आमच्या शेजारच्या काकूंनी तीच घेतली. "झोपायलाच तर जायचं ना रे तिथे!" बरोबर आहे. पण बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झाली हे कळत नाही. काका नऊ वाजता उठले आणि पहाट समजून पुन्हा झोपले. गजर लावा. पैसे खोलीवर कमी घाला आणि दिवसभर वर डेकवर बसा, तो समुद्र सगळ्यांना सारखाच मिळतो. बोट लागत असेल तर खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, टोकाला आणि वर डोलणं जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच पोचते. आलेपाक खिशात ठेवा, क्षितिजाकडे बघत राहा आणि पोट रिकामं ठेवू नका.

पोट रिकामं राहण्याची भीती अर्थात नाहीच. बोटीवर खाणं हे मुख्य काम आहे आणि प्रवास हे जोडकाम. तरी आमची माणसं चिवडा, लाडू, फणसपोळी आणि मेतकूट घेऊन चढतात, जणू कप्तान रस्ता चुकला तर पंधरवडा काढायचा आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तपासणी करणाऱ्या पोरीला मेतकूट उघडून "हे काय?" विचारावं लागतं, आणि तुमच्यामागे तीनशे माणसांची रांग उभी असते. इस्त्री, किटली, इंडक्शनची शेगडी घरी ठेवा, आगीच्या भीतीने त्या काढून घेतात. आणि कोकम सरबताच्या बाटलीत दुसरंच काही भरून न्यायचा जो बेत कट्ट्यावर शिजतोय तो सोडा. तपासणीवाल्यांना नाक असतं. एक शेवटचं खाण्याबद्दल: रात्री बारा वाजता पिझ्झा मिळतो, याचा अर्थ रात्री बारा वाजता पिझ्झा खाल्लाच पाहिजे असा नाही. पैसे वसूल होतात, पण ते पोटाकडून.

फोन विमान मोडवर टाका. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो, ते रोमिंगच्या दराने. त्या दराने कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवलेत तर पुढचं बिल बघून सुविचारावरचा विश्वास उडेल. वाय-फाय वेगळं, समुद्रातली बुडी वेगळी, काही ठिकाणचं जेवणही वेगळं. 'सगळं धरून' हे शब्द जाहिरातीत मोठे असतात, खालचं बारीक टायपातलं वाचायला काकांचा जवळचा चष्मा न्या.

चढल्यावर पहिल्या दिवशी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना ठरलेल्या ठिकाणी बोलावून लाइफ जॅकेट आणि सुटकेच्या बोटींची माहिती देतात. तेवढ्या वेळात आमची माणसं बुफेची रांग मोकळी म्हणून तिकडे सटकतात. सटकू नका. 'रामदास' कोकणातल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला खबरसुद्धा उशिरा मिळाली. वाचली त्यातली पुष्कळशी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली. तो भोंगा उगाच वाजत नाही.

आता बेट. बोटीवर तुम्ही गिऱ्हाईक असता. बेटावर पाहुणे असता, तेही न बोलावलेले. हा फरक लक्षात ठेवायला बोटीच्या शिडीवरून खाली उतरेपर्यंतचा वेळ मिळतो.

मोठी बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते आणि लहान होडीतून तुम्हाला नेतात. लाट वर आली की दंडाला धरून खाली घेतात. होय, तेच, आजोबांचंच. फक्त त्यांना तिकिटात हे वेगळं 'साहस' म्हणून लावलेलं नव्हतं. समुद्र खवळलेला असेल तर उतरवतच नाहीत. तेव्हा स्वागतकक्षावर जाऊन "आम्ही पैसे भरलेत" म्हणून आरडाओरडा करू नये. नारळी पौर्णिमेला ज्याला नारळ देतो तो पावती बघत नाही, एवढं तरी रत्नागिरीच्या माणसाला माहीत असावं.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. क्रूझवाले काढून देतात, पण ओळखपत्र आणि फॉर्म वेळेत द्यावे लागतात. यावर आमच्या कट्ट्यावरचे अण्णा खवळले. "आपल्याच देशात जायला परवाना? ही कुठली पद्धत?" अण्णांच्या हापूसच्या बागेच्या फाटकावर पाटी आहे: परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई. मी त्यांना फक्त पाटीचा रंग गेलाय एवढं सांगितलं.

त्या पाटीचा हिशेब मांडून बघा. अख्खं लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, वस्ती त्यातल्या दहांवर, जमीन सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, म्हणजे आपल्या रत्नागिरी शहरापेक्षाही कमी. तुम्ही उतरता ते अगत्ती बेट लांबीला साडेसात किलोमीटर. रेल्वे स्टेशनवरून मांडवीला रिक्षाने जाता, साधारण तेवढंच. रुंदी जास्तीत जास्त एक किलोमीटर. माणसं साडेसात हजारांच्या आसपास. त्यात तुमची बोट दीड हजार माणसं घेऊन येणार. दर पाच गावकऱ्यांमागे एक पाहुणा. उद्या सकाळी रत्नागिरीत एकदम पंधरा हजार माणसं उतरली, सगळ्यांनी एकाच वेळी शहाळं मागितलं, एकाच भिंतीला टेकून फोटो काढले आणि "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं तुमच्या अंगणात येऊन विचारलं, तर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला तुम्ही तेच म्हणता.

मुद्दा खरा हा आहे. पर्यटक कसा नसावा यावर रत्नागिरीकराचा अभ्यास दांडगा आहे. आरे-वाऱ्याच्या पुळणीत गाडी घालून रुतवतो तो, मग ट्रॅक्टर मागतो. भरतीच्या वेळी लाल बावटा दिसत असताना पाण्यात शिरतो तो. कुरकुऱ्यांचं पाकीट सुरूच्या बनात सोडतो तो. खानावळीत "मासे ताजे आहेत ना?" असं विचारतो आणि मग पनीर मागवतो तोही. आपण या सगळ्यांना 'हे पुण्याचे', 'हे कोल्हापूरचे' असं म्हणून मोकळे होतो. आणि मग लक्षद्वीपच्या होडीतून उतरताना आपल्याच काकू मोठ्याने विचारतात, "सुरमई थाळी कुठे मिळेल?"

काकू, तिथे सुरमई नव्हे, चूर्‍याचं, म्हणजे ट्यूनाचं राज्य आहे. तो तिथले लोक बहुतेक गळाने धरतात: बांबूची काठी, दोरी, एकेक मासा. जाळं टाकून समुद्र खरवडत नाहीत. आपल्याकडे पर्ससीन आणि एलईडीच्या दिव्यांवरून बंदराबंदरात भांडणं चालू आहेत. त्या भांडणांवर कट्ट्यावर रोज मत देणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींनी तिथे पाच मिनिटं एखाद्या मच्छीमाराशी बोलावं. भाषा मल्याळमच्या घरची आहे, मिनिकॉयला ती आणखी वेगळी. हिंदी ओरडून बोललं की समजते असा जो समज आहे तो तिथेही खोटाच ठरतो.

पाणी जपून वापरा. नदी नाही, ओढा नाही, वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर, तो जास्त उपसला की खारं पाणी वर येतं. म्हणून तिथे समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतात. कवरत्तीला २००५ साली असा कारखाना बसला: वरचं कोमट पाणी आणि खोलातलं थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालणारा, दिवसाला एक लाख लिटर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. तेव्हा अगत्तीला पाय धुवायला दोन बादल्या मागताना आवाज जरा खाली ठेवा.

दारू बंगारम सोडून कुठल्याही बेटावर चालत नाही. ज्यांना हे कळल्यावर लक्षद्वीपचं सौंदर्य एकदम कमी वाटायला लागलं, त्यांच्यासाठी बोटीवर बार आहे, तिथेच राहावं. वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची, साधी, आणि तुमच्यासाठी सजवलेली नाही. गल्लीतून फिरताना चड्डीवर न फिरता नीट कपड्यांत फिरा, बायकांचे आणि घरांचे फोटो विचारून काढा. बेटावर कुत्रा दिसणार नाही. मारुती मंदिरापासून रात्री चालत घरी येणाऱ्या माणसाला एवढ्या एका कारणासाठी तिथे स्थायिक व्हावंसं वाटेल.

आणि दगड उचलू नका. तो दगड नसतो. प्रवाळ हा जीव आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, त्याला बसवलेलं आहे. काचेच्या तळाच्या होडीतून बघा, पाण्यात उतरलात तर त्याच्यावर उभे राहू नका. देवघरात ठेवायला म्हणून पिशवीत टाकलेला तुकडा निघाला तर सत्यनारायणाआधी कोर्टाची तारीख लागते. हवाच असेल प्रवाळ तर विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात आपलाच आंग्रिया बँक आहे. तो पाण्याखाली आहे, होडीतून दिसत नाही, त्यामुळे अजून शाबूत आहे.

परतीची वेळ पाळा. हे काकूंसाठी पुन्हा. एसटीचा कंडक्टर डबल घंटी द्यायच्या आधी मान बाहेर काढून "कोण राहिलंय का?" विचारतो, पलीकडच्या टपरीवरून कोणीतरी "थांबा हो, आमचे हे आले नाहीत" म्हणतं, आणि गाडी थांबते. शेवटची होडी सुटते ती सुटतेच. मागे राहिलात तर पुढची क्रूझ येईपर्यंत बेटावर राहण्याचा परवाना तुमच्याकडे नसतो, आणि तुमची ट्रंक, गोळ्या नि कवळी बोटीतून मुंबईला गेलेली असते.

हे सगळं शिकून ठेवायला आणखी एक कारण आहे. भगवती बंदरावर क्रूझ टर्मिनल होणार असं ऐकू येतं. ऐकू येण्याला आपल्याकडे तोटा नाही. २०२५च्या गणपतीला मुंबईहून जयगड-विजयदुर्गला रो-रो बोट मिळणार असंही ऐकू आलं होतं, चतुर्थीला चाकरमानी मात्र नेहमीसारखाच रेल्वे नि एसटीने उतरला. पण समजा झालं. समजा खरंच एक दिवस ती अकरा मजल्यांची बोट रत्नदुर्गाखाली येऊन उभी राहिली. मग होडीतून उतरणारे ते, आणि काठावर उभे राहून बघणारे आपण.

बडा पाहुणा बोटीने यायची आपल्याला सवय नाही असं नाही. १८८६च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी असाच बोटीने आणून इथे उतरवला. राण्या, लहान मुली, नोकरचाकर, सगळं लटांबर. खर्च सरकारी, परतीचं तिकीट नाही. समुद्र दिसेल असा राजवाडा बांधून मिळाला तो १९१० साली, म्हणजे खोलीचा ताबा यायला चोवीस वर्षं. आणि १९१६ साली राजा इथेच वारला. तीस वर्षांत त्याच्याकडून रत्नागिरीबद्दल एक तक्रार अशी आली नसेल जी आजचा पर्यटक करत नाही: उकाडा, पाऊस आणि करायला काही नाही.

नव्या पाहुण्यांना तीस वर्षं द्यायची नाहीत, सहा तासांत सगळं दाखवायचं आहे. टिळकांचं जन्मघर, पांढरा समुद्र, काळा समुद्र, भगवतीचं देऊळ, माशाची थाळी. रिक्षावाल्यांनी दर आताच ठरवून ठेवावेत, म्हणजे त्या दिवशी प्रत्येक रिक्षाचा वेगळा निघणार नाही. नगरपरिषदेने मांडवीला स्वच्छतागृहाचं कुलूप उघडून बघावं, किल्ली कोणाकडे आहे तेही. आणि टर्मिनलचं वेळापत्रक करणाऱ्या साहेबाला कोणीतरी आधीच सांगून ठेवा की बोट सोमवारी आणू नका. सोमवारी थिबा राजवाडा बंद असतो.